तपासणी ते सुनावणी

मार्च १८९७मध्ये पुण्याच्या पेठांतून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. माजघर असो की देवघर, बूट घालूनच आत जायचे, काखेत-जांघेत गाठ आहे का हे पाहायला बायाबापड्यांना उघड्यावर उभे करायचे, संशय आला की रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवायचे, चीजवस्तू बाहेर काढून जाळायच्या, अशी ती तपासणी होती. प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड याच्यावर २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. ही कथा आपण शाळेत क्रांतीची कथा म्हणून शिकतो आणि ती तशी आहेच. पण तिच्यात सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाचा एक मोठा धडाही आहे आणि तिकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. रोगाशी लढण्याचा अधिकार कोणाचा, उपाय कोणी ठरवायचा आणि ज्याच्या अंगावर तो उपाय करायचा त्याला विचारायचे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्यांदा एवढ्या उघडपणे तेव्हा उभा राहिला. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत ‘लोकसहभाग’ हा शब्द सरकारी कागदांत इतक्यांदा आला की तो गुळगुळीत झाला. या काळातले पुरावे एकमेकांशेजारी ठेवले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. जिथे लोकांना नाही म्हणता आले, आपला माणूस निवडता आला, जाब विचारता आला, तिथे आरोग्याचे काम रुजले. जिथे त्यांचे फक्त हात मागितले गेले, तिथे योजनेचे नाव दर काही वर्षांनी बदलत राहिले आणि काम मात्र तळाशी पोचले नाही.

प्लेगची सुरुवात मुंबईतून झाली. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी रोग ओळखला. महापालिकेने रोग्यांना बळाने हलवायचे फर्मान काढले, तेव्हा इस्पितळाविषयी भलभलत्या वदंता पसरल्या. तिथे माणसे मारून त्यांच्या अंगातून मोमियाई काढतात, असे लोक खरोखर मानत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. पुढच्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि सक्तीला कायद्याचे बळ मिळाले. परिणाम काय झाला? लोकांनी रोगी लपवले, प्रेते लपवली. काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गावाकडे गेली आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. जी सक्ती साथ अडवण्यासाठी केली तिनेच साथीला पाय दिले. या भीतीला केवळ अज्ञान म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य ठरेल. रोगी गेला की तो बहुतेक परत येत नसे, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. त्यांचा निष्कर्ष चुकला, निरीक्षण चुकले नव्हते. त्याच साथीत दुसऱ्या वाटेचेही पुरावे मिळतात. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७मध्ये आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर लस टोचून घेतली तेव्हा खोजा समाज पुढे आला. मुंबईत अनेक जातीजमातींनी आपापली इस्पितळे काढली, पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी इस्पितळ उभे केले आणि तिथे रोगी येऊ लागले. औषध तेच, रोग तोच, पण दार आपल्या माणसांनी उघडलेले होते. अर्थात ज्यांच्या जातीत शेठ-सावकार नव्हते त्यांचे दार कोण उघडणार, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर सावित्रीबाई फुले यांनी दिले. मुलगा डॉ. यशवंत याच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून तिथे आणले आणि स्वतः रोगाला बळी पडून १० मार्च १८९७ रोजी गेल्या. १८९८मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली, त्यानंतर सरकारने सक्ती टप्प्याटप्प्याने सैल केली. हे शहाणपण लोकांच्या प्रतिकारातून आले होते, कोणा तज्ज्ञाच्या अहवालातून नव्हे.

इथे एक आक्षेप रास्त आहे. साथ पसरत असताना माणसे मरत असतात, तेव्हा सभा घेऊन मते मागत बसायला वेळ कुठला? आणि देवी निर्मूलनाचे उदाहरण समोर आहेच. घरोघर शोध घेऊन, प्रसंगी नको म्हणणाऱ्यालाही टोचून, मे १९७५मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला आणि हजारो वर्षांचा रोग संपला. हे यश खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण देवीचा रोग वेगळा होता. त्याची खूण चेहऱ्यावर दिसत होती, लस एकदाच टोचायची होती, आणि रोग संपला की माणसाचा व यंत्रणेचा संबंध संपत होता. बाळंतपण, कुपोषण, हिवताप, क्षय, दारू ही दुखणी तशी नाहीत. त्यांच्यासाठी त्याच घरात, त्याच माणसांकडे वर्षानुवर्षे जावे लागते, आणि एकदा धाक दाखवून आत शिरलेल्याला दुसऱ्यांदा कोणी दार उघडत नाही. देवी संपली त्याच्या पुढच्याच वर्षी याचा पुरावा मिळाला. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केले. असे पाऊल देशात दुसऱ्या कोणत्याही विधिमंडळाने उचलले नव्हते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, पण आणीबाणीतल्या मोहिमेने जे व्हायचे ते झालेच. १९७६-७७मध्ये देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्याच्या पुढच्या वर्षी ही संख्या १० लाखांच्याही खाली आली. पुढे कित्येक वर्षे खेड्यांत आरोग्य कर्मचारी दिसला की पुरुष शेताकडे निघून जात. त्या मोहिमेने जी भीती पेरली तिची किंमत नंतर लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत प्रत्येक कामाला मोजावी लागली.

स्वतंत्र भारताचा आरोग्याचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६मध्येच पाच ते सात जणांची ग्राम आरोग्य समिती सुचवली होती. मात्र तिथे लोकांकडून सहकार्य अपेक्षित होते, निर्णय नव्हे. योजना वर ठरेल, गावाने ती पार पाडायला मदत करावी, असा तो विचार होता. त्याला छेद देणारे काम २४ वर्षांनी नगर जिल्ह्यातल्या एका अवर्षणग्रस्त तालुक्यात सुरू झाले. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन १९७०मध्ये जामखेडला आले. ते तिथल्या लोकांनी बोलावल्यावर आले, हे या कथेत महत्त्वाचे आहे. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू झाले. डॉक्टरांच्या मनात लसी आणि प्रतिबंध होता. लोकांना हवे होते पाणी आणि अन्न, कारण लवकरच १९७२चा दुष्काळ आला. आरोळ्यांनी लोकांची मागणी आधी घेतली. मुलांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाकघरे चालवली, विंधनविहिरी घेतल्या. विहीर कुठे घ्यायची हा निर्णय वरवर भूगर्भाचा, पण प्रत्यक्षात गावाच्या रचनेचा होता. त्यांनी शक्य तिथे ती दलित वस्तीत घेतली, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागेल. जुलाबाने मरणाऱ्या मुलांचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न एकाच हातपंपापाशी येऊन मिळाले.

जामखेडचा खरा धडा मात्र माणूस निवडण्याचा आहे. आधी तिथे शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवल्या गेल्या. परक्या गावात एकटी तरुण बाई टिकेना आणि टिकली तरी गाव तिचे ऐकेना. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी असे ठरले. निवडल्या गेलेल्या अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही परित्यक्ता होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, गावात काय घडले ते सांगत आणि नवे शिकून परत जात. गावात शेतकऱ्यांची तरुण मंडळे आणि बायकांची महिला विकास मंडळे उभी राहिली आणि ती या ग्राम आरोग्य सेविकेच्या पाठीशी राहिली. १९७१मध्ये तिथे हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती, १९७६मध्ये हा आकडा ५२वर आला. याचे श्रेय दुष्काळ सरण्याला, पाण्याला, पैशाला द्यायचे की सेविकांना, असा वाद घालता येईल. मला तो वाद फार उपयोगाचा वाटत नाही, कारण पाणी आणि सेविका हे दोन वेगळे उपाय नव्हतेच. दोन्ही लोकांच्या बैठकीतून आले होते. अंगावर जखमा असलेली सून जेव्हा सेविकेला आपले दुखणे सांगते, तेव्हा ती ‘आरोग्य शिक्षण’ घेत नसते, आपल्यासारख्याच एका बाईवर विश्वास टाकत असते. असा विश्वास बदलीच्या हुकमाने गावात येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५मध्ये जगभरच्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढले त्यात जामखेडवर एक प्रकरण आहे. १९७८च्या सप्टेंबरात सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-आता शहरात प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले होते. नियोजन हा शब्द त्यात आधी आला आहे, हे लक्षात घ्यावे. त्याच्या वर्षभर आधीच, २ ऑक्टोबर १९७७ला, जनता सरकारने देशभर लोक आरोग्य रक्षकांची योजना सुरू केली होती. हजार वस्तीमागे एक रक्षक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि तेवढ्याच रकमेची औषधे. कागदावर हे जामखेडच होते. प्रत्यक्षात निवड बहुतेक ठिकाणी सरपंचाच्या किंवा पुढाऱ्याच्या बैठकीत झाली, निवडले गेले ते मुख्यतः पुरुष, आणि त्यांचे काम गावाला उत्तर देण्याचे राहिले नाही, खात्याचे आकडे भरण्याचे झाले. पुढे त्यांना आरोग्य स्वयंसेवक म्हटले, मग ग्राम आरोग्य मार्गदर्शक. नाव दोनदा बदलले आणि योजना हळूहळू विरून गेली. सांगाडा उचलला, पण निवडीचा आणि जाब विचारण्याचा अधिकार मागे राहिला. मूळचे कोल्हापूर भागातले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक ज्या अभ्यासगटाचे सदस्य-सचिव होते, त्याच्या १९८१च्या अहवालाने आरोग्यसेवेची सूत्रे खालून, लोकांच्या हाती द्यावीत अशी पर्यायी दिशा मांडली. तो अहवाल आजही वाचावा असा आहे. अंमलात मात्र त्यातले थोडेच आले.

याच सुमारास सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत एक वेगळी रीत बसवली. सुगीनंतर प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. गावातली ७५ टक्के तरी कुटुंबे सामील झाली तरच गावाला योजना मिळणार. बदल्यात अवचित आलेल्या आजारात इस्पितळाचा खर्च नाही. रक्कम म्हणून ही ज्वारी इस्पितळाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ होती. पण पायली-कुडव मापून दिलेल्या धान्यामागे हक्काची भावना होती. फुकट मिळाले ते दान असते आणि दान घेणारा तक्रार करत नाही. ज्वारी देणारा माणूस डॉक्टर गावात का आला नाही हे विचारू शकतो. शिवाय ७५ टक्क्यांच्या अटीमुळे गावाला आपसात बोलावे लागत होते, नाइलाजाने का होईना.

गडचिरोलीतला अनुभव याहून खोल आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे १९८६मध्ये आले तेव्हा त्यांनी शास्त्रज्ञाच्या नजरेला महत्त्वाचा वाटणारा सिकलसेलचा आजार तपासला. आजार सापडला, पण लोकांना त्याचे फार काही वाटले नाही. त्यांना काचत होते ते वेगळेच: तान्ही मुले मरतात, हिवताप येतो, बायकांना सांगता न येणारी दुखणी आहेत, दारूने घरे बुडतात. संशोधनाचा विषय कोणी ठरवायचा, हा प्रश्न त्यातून पुढे आला आणि त्यांनी तो लोकांकडे सोपवला. राणी बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी केली. ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा जगाच्या आरोग्य धोरणाला कुटुंबनियोजनापलीकडची बाई दिसली. १८९७च्या तपासणीशी हिची तुलना करण्याजोगी आहे. तपासणी शरीराचीच होती, तीही खेड्यातल्या बायकांची आणि अत्यंत नाजूक अंगांची. तरी शेकडो बायका स्वतःहून आल्या, कारण आधी गावांशी बोलणे झाले होते, तपासणारी बाई होती, आणि तपासणीमागे उपचार होता.

पुढचे पाऊल नवजात बालकांचे. गावातल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले गेले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे आणि जंतुसंसर्गाची चिन्हे दिसली तर घरीच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे त्या शिकल्या. नवशिक्या बाईच्या हाती सुई देण्याला वैद्यकविश्वातून विरोध झाला आणि तो सर्वस्वी चुकीचा नव्हता. बाळाच्या जिवाशी गाठ होती. म्हणूनच ३९ गावांत काम आणि ४७ गावांशी तुलना अशी काटेकोर चाचणी केली गेली. १९९९च्या डिसेंबरात निष्कर्ष आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी देशभर सुरू केली, तिचे मूळ गडचिरोलीत आहे. इस्पितळाचे रूपही तिथे लोकांना विचारून ठरले. मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, नातलगांना बाहेर काढतात, डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात आणि आमच्याकडे पांढरे प्रेताला घालतात, असे आदिवासींनी सांगितले. म्हणून बंग यांच्या शोधग्राममध्ये झोपड्यांसारख्या घरांचा, नातलगांना राहू देणारा दवाखाना उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. दारूबाबत तर लोकांनी डॉक्टरांना पुढे ढकलले. बायकांच्या आणि गावांच्या आंदोलनातून १९९३मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. ती किती पाळली गेली यावर मतभेद आहेत, पण आरोग्याचे धोरण गावाने राज्याकडून करून घेतले याबद्दल दुमत नाही.

या टप्प्यावर हमखास येणारा आक्षेप असा की हे सगळे असामान्य माणसांचे पराक्रम आहेत. प्रत्येक तालुक्याला आरोळे किंवा बंग मिळणार नाहीत, म्हणून यातून धोरण काढता येत नाही. या आक्षेपाची परीक्षा राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने घेतली. २००५मध्ये सुरू झालेल्या या अभियानात ‘लोकाधारित देखरेख’ हा घटक होता आणि २००७पासून नऊ राज्यांत त्याची सुरुवात झाली. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांतली २२५ गावे घेतली गेली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने समन्वय केला, गावपातळीवरचे काम स्थानिक संघटनांनी केले. यात कोणी मॅगसेसे विजेता डॉक्टर नव्हता. गावात बैठक बसायची, नर्स येते का, लस मिळते का, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळते की बाहेरून आणायला चिठ्ठी देतात, फुकट सेवेला पैसे मागतात का, असे प्रश्न एकेक करून चर्चेला घ्यायचे आणि उत्तरांप्रमाणे तक्त्यावर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरायचा. निरक्षर माणसालाही आपल्या दवाखान्याची प्रकृती एका नजरेत कळावी अशी ही रीत होती. मग जनसुनवाई. मांडवाखाली एका बाजूला लोक, समोर वैद्यकीय अधिकारी, तालुका आणि जिल्ह्याचे अधिकारी, पंचायतीचे सदस्य. बाई उभी राहून सांगते, अधिकारी उत्तर देतो, उत्तराची नोंद होते, पुढच्या वेळी तिचा पाठपुरावा होतो. तपासणी आता उलटी झाली होती. शंभर वर्षांपूर्वी यंत्रणा लोकांना उभे करून तपासत होती, आता लोक यंत्रणेला तपासत होते.

या गावांत सेवांना ‘चांगली’ असा शेरा मिळण्याचे प्रमाण पहिल्या फेरीत ४८ टक्के होते, दुसऱ्या फेरीत ६१ आणि तिसऱ्या फेरीत ६६ टक्क्यांवर गेले. या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नये. शेरा लोकांनीच दिला होता, तुलनेला दुसरी गावे नव्हती आणि त्याच काळात अभियानाचा पैसाही गावागावांत येत होता. मृत्युदर घटल्याचा गडचिरोलीसारखा पक्का पुरावा इथे नाही. तरी जे बदलले त्याचे स्वरूप पाहिले तर त्याचा संबंध विचारणेशी जोडता येतो: बाहेरची चिठ्ठी देण्याचे प्रमाण घटणे, बेकायदा घेतलेले पैसे परत मिळणे, बंद उपकेंद्र उघडणे. निधी वाढला म्हणून लाच आपोआप थांबत नाही, ती कोणी चारचौघांत बोलले की थांबते. डॉक्टरांची तक्रारही ऐकली पाहिजे. रिकाम्या जागा, अपुरी औषधे, वरून येणारी उद्दिष्टे हे काही गावच्या डॉक्टरच्या हातात नसते आणि भर सभेत त्याच्यावर बोट रोखणे हा अन्याय होतो. पुढे अनेक ठिकाणी ‘जनसंवाद’ हा शब्द रूढ झाला तो यामुळेच, आणि डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरा ही मागणी लोकांनीच उचलली. खरी कमजोरी वेगळी होती. ज्या खात्यावर देखरेख ठेवायची त्याच खात्याकडून देखरेखीचा पैसा येत होता. जाब विचारणाऱ्याची शिदोरी जाब देणाऱ्याच्या हाती असेल, तर ती केव्हा आखडती होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

दोन आक्षेप अजून उरतात आणि ते सर्वांत वजनदार आहेत. गाव म्हणजे एक माणूस नव्हे. ग्रामसभेत कोण बोलतो, समितीत कोणाची बायको किंवा भावजय बसते, हे ज्याने महाराष्ट्रातले खेडे वाचले आहे त्याला सांगायला नको. लोकांच्या नावाने अधिकार दिला तर तो बऱ्याचदा गावातल्या बळकटांकडे जातो, आणि १९७७च्या योजनेत नेमके तेच झाले. जामखेडने याला जे उत्तर शोधले ते एवढेच: निवड दुबळ्यांच्या बाजूने करायची, विहीर त्यांच्या वस्तीत घ्यायची, बायकांचे वेगळे मंडळ उभे करायचे. हे उत्तर पूर्ण नाही, पण कोणाचा सहभाग हा प्रश्न सहभागाच्या आधी विचारायचा, एवढे त्यातून निश्चित होते. दुसरा आक्षेप असा की लोकसहभाग म्हणजे सरकारने आपले ओझे गरिबांच्या खांद्यावर टाकणे. इथे मी आक्षेपकांच्या बाजूला आहे. २००५नंतर गावोगाव नेमलेल्या आशा याचा जिवंत पुरावा आहेत. त्यांची निवड गावाने करायची, त्या गावाच्या कार्यकर्त्या, म्हणून त्यांना पगार नाही, कामानुसार मोबदला. पण त्यांच्यावर हुकूम चालतो तो खात्याचा. जून २०२१मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना, महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांना संपावर जावे लागले. पैशाच्या वेळी त्यांना स्वयंसेविका म्हणायचे आणि कामाच्या वेळी कर्मचारी, हा त्यांच्यावर उघड अन्याय आहे आणि त्याला लोकसहभाग म्हणणे बंद झाले पाहिजे. राबवून घेणे आणि सहभागी करून घेणे यांतला फरक ओळखायला एकच खूण पुरेशी आहे: त्या माणसाला योजना बदलता येते का?

मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने कोरोनाशी लढण्यासाठी जो कायदा लागू केला तो प्लेगच्या वर्षीचाच, १८९७चा साथरोग कायदा होता. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा आहे. सरकारला वाटतील ते उपाय करण्याचा अधिकार त्यात आहे, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला दाव्यापासून संरक्षण आहे. २०२०मध्ये त्यात दुरुस्ती करून डॉक्टर, नर्स आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा ठेवली, ती आवश्यकच होती. ज्यांच्या घरात हे सारे उपाय करायचे त्यांना विचारावे, त्यांची समिती बसवावी, त्यांचे म्हणणे नोंदवावे, असे एकही कलम त्या कायद्यात १८९७मध्ये नव्हते आणि २०२०च्या दुरुस्तीनेही ते घातले नाही.